मुक्याचा घास

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या स्वयंपाकघराला जत्रेचे रूप येते. भाजणी दळून आलेली असते, चकलीचा सोऱ्या गेल्या वर्षी कुठे ठेवला होता याचा शोध चाललेला असतो, आणि चिवड्यात मीठ बेताचे पडले की नाही हे ठरवण्यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट चिवडा ठेवला जातो. चव पाहण्याचे काम माझ्याकडे फार वर्षांपासून आहे. मला स्वयंपाकातले दुसरे काही जमणार नाही हे घरातल्या बायकांनी लवकर ओळखले. पण माझी जीभ विश्वासाची आहे असे त्यांचे मत आहे, आणि या एका प्रशस्तिपत्रावर मी आजवर निभावून नेले आहे.

यंदा त्या गडबडीत एक लहानसा प्रसंग घडला. आमची नात आठ महिन्यांची आहे. सून चकल्या तळत होती, म्हणून नातीला खिमट भरवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड दळून, मऊ शिजवलेले ते खिमट. वर तुपाचा थेंब. सवयीप्रमाणे मी अर्धा चमचा आधी आपल्या तोंडात घातला. ते इतके अळणी होते की माझा चेहरा कसनुसा झाला. मी उठलो, मिठाचा डबा काढला आणि चिमूट टाकणार एवढ्यात कढईपाशी बसलेली सून म्हणाली,

"बाबा, मीठ नका घालू हं. वर्षाची होईपर्यंत नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"अगं, पण हे तोंडात धरवत नाही."

"तुम्हाला ना? तिला विचारलंत का?"

मी नातीकडे पाहिले. ती आ वासून बसली होती. तिला मीठ नको होते, पुढचा चमचा हवा होता. आणि आजोबा मध्येच उठून कुठे गेले, एवढीच तिची तक्रार होती. मी डबा मुकाट्याने जागेवर ठेवला आणि खिमट भरवून संपवले. पण सुनेचा तो प्रश्न काही मनातून जाईना. कारण माझ्या हातून जी चूक चिमटीने होणार होती, तीच चूक एका मोठ्या, शहाण्या आणि श्रीमंत देशात एके काळी बरण्या भरभरून झाली होती. आणि ती दाखवून दिली होती जन्मून आठवडाही न झालेल्या काही उंदरांनी. ही हकीकत मी पूर्वी वाचली होती. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा कळली.

ज्या पदार्थाची ही गोष्ट, त्याला रसायनशास्त्रात मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणतात. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर त्याला अजिनोमोटो म्हणतात. पांढरे, बारीक, चकचकीत कण. या पदार्थाची आज इतकी बदनामी झाली आहे की आधी त्याची बाजू मांडणे मला न्यायाचे वाटते. ग्लुटामिक आम्ल हा प्रथिनांचाच एक घटक आहे. १८६६ साली कार्ल हाइनरिख रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो गव्हाच्या ग्लुटेनमधून, म्हणजे कणकेला ज्याने चिवटपणा येतो त्या प्रथिनातून, वेगळा केला. पिकलेल्या टोमॅटोत तो आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे, आणि आईच्या दुधात तर मोकळ्या स्वरूपात गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक आहे. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या कढाला जी रुची असते ती कशाची, याचा शोध घेत होते. गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच ती बसत नव्हती. आपल्या षड्रसांतही तिला जागा सापडणे कठीण. इकेदांना ती ग्लुटामिक आम्लात सापडली आणि त्यांनी तिला उमामी असे नाव दिले. त्या आम्लाचे सोडियमयुक्त मीठ बनवले, की ती रुची वाटेल त्या पदार्थात चिमटीने उतरवता येते. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, हे मीठ आजिनोमोतो या नावाने जपानच्या बाजारात आले. नावाचा अर्थ 'चवीचे सार'. फिके सूप रुचकर व्हावे, साध्या भाताबरोबरची भाजी चविष्ट लागावी, या इच्छेत वाईट असे काहीच नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत तान्ह्या मुलांचे तयार जेवण काचेच्या लहान बरण्यांतून घरोघर पोचले होते. शिजवून गाळलेली गाजरे, वाटाणे, मांस. आईने झाकण उघडायचे आणि चमच्याने भरवायचे. त्यांतल्या अनेक बरण्यांत हे चवीचे मीठ घातलेले असे. का, असा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. ते मोठ्यांच्या अन्नात चालत होते, मग मुलांच्या का नको? पण पुढे जेव्हा तो प्रश्न विचारला गेला, तेव्हा टीकाकारांनी त्याचे उत्तर अगदी साधे दिले. बाळ बरणी विकत घेत नाही. बरणी आई घेते, आणि भरवण्याआधी चमचाभर आपल्या तोंडात घालून पाहते. ते तिला पिठूळ आणि बेचव लागले तर पुढच्या खेपेला ती दुसऱ्याची बरणी घेईल. तेव्हा चव आईसाठी आणि घास बाळासाठी, असा तो व्यवहार होता.

हे वाचताना पूर्वी मला कारखानदारांचा राग आला होता. आता मिठाचा डबा हातात धरून उभा असलेला मी मला दिसतो आणि राग जरा मवाळ होतो. माझ्या मनात तरी कुठे नफा होता?

आता उंदरांची गोष्ट. १९५७ साली इंग्लंडमधल्या लूकस आणि न्यूहाउस या दोन संशोधकांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे थर नष्ट झालेले दिसले. या निष्कर्षाची बातमी जेवणाच्या टेबलापर्यंत आली नाही. तो नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात राहिला. बारा वर्षांनी अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन ऑल्नी नावाचे मनोविकारतज्ज्ञ तोच परिणाम अधिक बारकाईने तपासत होते. त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. डोळ्यांच्या अभ्यासासाठी टोचलेले ते उंदीर मोठे झाल्यावर लठ्ठ होत होते. ज्याला डोळेच पाहायचे आहेत त्याने लठ्ठपणाकडे दुर्लक्ष केले असते तरी कोणी दोष दिला नसता. ऑल्नींनी दुर्लक्ष केले नाही. त्यांनी मेंदू पाहिला.

मे १९६९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. दोन ते नऊ दिवसांच्या उंदरांना, शरीराच्या दर ग्रॅम वजनामागे अर्ध्या मिलिग्रॅमपासून चार मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटामेट कातडीखाली टोचले होते. थोड्याच तासांत त्यांच्या विकसित होत असलेल्या मेंदूतल्या पेशी मरत होत्या. मुख्यतः हायपोथॅलॅमस या भागातल्या. मेंदूच्या तळाशी असलेला हा एवढासा भाग, पण भूक, वाढ आणि प्रजनन यांचा कारभार तिथून चालतो. हे उंदीर मेले नाहीत. ते वाढले, इकडे तिकडे फिरले, खाल्ले, प्यायले. मात्र त्यांची हाडे खुजी राहिली, शरीर फार लठ्ठ झाले आणि माद्या वांझ राहिल्या. लठ्ठ झाले म्हणून ते अधिक खात असतील असे म्हणावे, तर मोजून पाहिल्यावर तसेही आढळले नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे घडून गेले होते, त्याचा हिशेब शरीर जन्मभर चुकवीत होते. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, टोचण्याऐवजी तोंडावाटे पोटात घालूनही लहान उंदरांत तशीच इजा होते, हे ऑल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले.

असे का व्हावे? ग्लुटामेट हा नुसता चवीचा पदार्थ नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना 'जागी हो' असा जो निरोप धाडतात, त्या निरोप्यांतला हा एक प्रमुख निरोप्या. निरोप येतो, पेशी चेतते, निरोप्याला ताबडतोब बाजूला केले जाते आणि पेशी पुन्हा शांत होते. पण निरोप्यांची गर्दीच लोटली तर पेशीला विसावा मिळत नाही. ती चेतत राहते, चेतत राहते आणि अखेर त्या चेतण्यानेच मरते. ऑल्नींनी पुढे या प्रकाराला एक्सायटोटॉक्सिसिटी, म्हणजे अतिउत्तेजनाने होणारा विषपरिणाम, असे नाव दिले. मोठ्या प्राण्यांत रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो. तो रक्तातल्या पुष्कळ गोष्टींना आत सोडत नाही. परंतु हायपोथॅलॅमसच्या काही भागाशी हा पहारा मुळातच सैल आहे, आणि नवजात उंदराच्या अंगी आलेला लोंढा आवरण्याची शक्ती अजून यायची असते. जे दूत म्हणून हवेच आहे, तेच आगंतुकासारखे आले की घर मोडते.

१९६९ हे वर्ष या बातमीने गाजले. अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे विषय गेला, वर्तमानपत्रांत आला, आणि वर्षाच्या अखेरीस बालान्न बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते मीठ आपल्या बरण्यांत घालणे आपण होऊन थांबवले.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार सोयीची झाली असती. दुष्ट पदार्थ, सज्जन शास्त्रज्ञ आणि वेळीच वाचलेली मुले. परंतु खरी गोष्ट एवढी सरळ नाही, आणि ज्याला नीतीविषयी बोलायचे आहे त्याने आधी खरे सांगितले पाहिजे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराचे पिल्लू माणसाच्या बाळापेक्षा फार अपक्व मेंदू घेऊन जन्माला येते. आणि मात्रा पाहा. ऑल्नींच्या प्रयोगातली सर्वांत लहान मात्रा घेतली आणि आठ किलो वजनाच्या बाळाला तो हिशेब लावला, तर चार ग्रॅम होतात. म्हणजे जवळजवळ चमचाभर, आणि तेही एकदम, कातडीखाली. अन्नातून जे ग्लुटामेट पोटात जाते त्याचा बहुतेक भाग आतड्याचे अस्तरच आपले इंधन म्हणून वापरून टाकते; रक्तात पोचते ते थोडे. ऑल्नींनी १९६९ मध्येच एका वानराच्या पिलाच्या मेंदूतही इजा दाखवली होती, पण दुसऱ्या प्रयोगशाळांना वानरांत ती सापडली नाही आणि त्यावर बराच काळ वाद झाला. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञसमितीने या पदार्थाला रोजच्या मात्रेची आकडेवार मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरवले. उलट २०१७ मध्ये युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. शहाण्या माणसांचे अजून पूर्ण एकमत नाही. पण नाक्यावरच्या गाडीवर कधीमधी नूडल्स खाणाऱ्या तरुणाचा मेंदू ऑल्नींच्या उंदरासारखा होतो, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

तेव्हा तुम्ही म्हणाल, मग चूक कुठे झाली? बरण्यांतल्या मिठाने एखाद्या बालकाचा मेंदू बिघडला असे सिद्ध झालेले नाही. मग कंपन्यांनी ते काढले ते केवळ भीतीपोटी, आणि आपण एवढी चर्चा करतो ती केवळ हळवेपणापोटी?

मला असे वाटते की इथे आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. 'याने अपाय होतो हे सिद्ध झाले आहे का?' हा प्रश्न मोठ्या माणसांच्या व्यवहारात ठीक आहे. मला मिसळ आवडते. तिची तर्री माझ्या पोटाला मानवत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही मी खातो, कारण चव माझी आणि दुखणेही माझेच. नफा आणि तोटा एकाच खात्यावर मांडलेले आहेत. मी मूर्ख ठरेन, अन्यायी ठरणार नाही. परंतु जिथे चव एकाला आणि धोका दुसऱ्याला, तिथे धोका किती लहान आहे हे सांगून सुटका होत नाही. तिथे आधी विचारले पाहिजे, की हे घातले कुणासाठी? ज्याच्या पोटात ते जाणार त्याच्यासाठी काही उपयोग असेल, तर मग धोक्याचा हिशेब करू. उपयोग शून्य असेल, तर धोका राईएवढा असला तरी तो त्याच्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

१९७० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने जो अहवाल दिला, त्यातले तर्कशास्त्र मला म्हणूनच फार आवडते. धोका अतिशय लहान आहे, असे समितीने स्वच्छ म्हटले. पण या मिठाने बालकाचा काही फायदाही होत नाही; तेव्हा बालकांच्या अन्नात ते घालू नये, अशी शिफारस तिने केली. भीती पसरवली नाही आणि सूटही दिली नाही. आपल्याकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही असे मीठ घातलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर, बारा महिन्यांखालील बालकांना देऊ नये अशी सूचना छापणे बंधनकारक केले गेले. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत असलेली ती ओळ मी यापूर्वी अनेकदा पाहिली असेल. तिच्यामागे कुणाची हाडे खुजी राहिली आहेत, हे मनात आले नव्हते.

आणि इथे मला माझ्याच तत्त्वाची भीती वाटू लागते.

जिथे लाभ एकाला आणि धोका दुसऱ्याला, आणि तो दुसरा 'नको' म्हणू शकत नाही, तिथे अन्याय आहे, असे मी आताच मोठ्या आवेशाने लिहिले. मग ते उंदीर? त्यांना तरी कोणी विचारले होते? जन्मून दोन दिवस झालेला, अंगावर केस नसलेला, डोळे मिटलेला जीव. त्याला टोचले ते त्याच्या हितासाठी नव्हे. इथे तर धोकाही राईएवढा नव्हता. इजा होईल अशीच मात्रा दिली होती. आईच्या जिभेसाठी बाळाच्या घासात मीठ घालणे गैर असेल, तर आपल्या बाळाच्या काळजीसाठी दुसऱ्या एका आईची पिले घेणे कसे बरोबर? माझ्या तत्त्वाने मी कंपनीला दोषी ठरवले खरे. पण त्याच तत्त्वाने तो प्रयोग दोषी ठरतो, आणि तो प्रयोग नसता तर हे तत्त्व मला सुचलेही नसते.

यावर एक तयार उत्तर आहे, की माणूस तो माणूस आणि उंदीर तो उंदीर. मला ते पुरेसे वाटत नाही. तसे असते तर उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या बाळाविषयी काही कळण्याची आशाच धरता आली नसती. तो आपल्यासारखा आहे म्हणूनच त्याचा उपयोग. आणि तो आपल्यासारखा नाही असे म्हणतो म्हणूनच त्याचा वापर. ही दोन वाक्ये एका तोंडाने बोलताना माणसाला जरा तरी अडखळायला हवे. दुसरे उत्तर असे, की मग असले प्रयोग मुळीच नकोत. ते बोलायला सोपे आहे. पण अतिउत्तेजनाने पेशी मरतात हे जे त्या पिलांत कळले, त्यातूनच पुढे पक्षाघातात मेंदूची हानी कशी पसरते हे समजायला मदत झाली. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना दिले जाणारे मेमँटीन नावाचे औषध ग्लुटामेटच्या याच निरोपाला आवर घालते. माझ्या ओळखीच्या घरांत ते औषध रोज रात्री दिले जाते. त्या घरातल्या माणसाला जाऊन मी कोणत्या तोंडाने सांगू, की हे ज्ञान आपण मिळवायलाच नको होते?

या कोंडीतून मला वाट दाखवणारा ग्रंथ सापडला नाही. मला आठवले ते आजोळचे गोठ्यातले एक दृश्य.

दिवाळी सुरू होते ती वसुबारसेपासून. त्या संध्याकाळी गाईची वासरासह पूजा होते आणि पुष्कळ घरांतल्या बायका त्या दिवशी दूध, दही, तूप, ताक यांतले काही खात नाहीत. लहानपणी मी आजीला याचे कारण विचारले होते. ती म्हणाली, "अरे, वर्षभर आपण त्याच्या तोंडचं खातो. एक दिवस तरी ओळखावं." रोज धार काढताना ती आधी वासराला सोडत असे. त्याने दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडी. मग वासराला ओढून खुंटाला बांधायचे आणि धार काढायची. मात्र एक सड ती कधी पिळत नसे. तो वासराचा. कधी पाहुणे आले, दूध कमी पडले, तरी त्या सडाला हात लागत नसे.

आता विचार करतो तेव्हा वाटते, की आजीला त्या व्यवहारातला अन्याय पक्का ठाऊक होता. 'गाय आपल्यासाठीच दूध देते' अशी स्वतःची समजूत तिने घालून घेतली नव्हती. दूध वासराचे आहे, आपण ते घेतो आहोत, घरात मुले आहेत म्हणून घेतो आहोत. तेव्हा घेताना सीमा असली पाहिजे आणि वर्षातून एकदा तरी ते कबूल केले पाहिजे, एवढे तिचे नीतिशास्त्र होते. ते तिला निर्दोष ठरवत नाही. पण घेणारा निगरगट्ट होणार नाही, एवढी व्यवस्था त्यात आहे.

विज्ञानानेही आपल्या परीने असा एक सड राखून ठेवायला सुरुवात केली आहे. १९५९ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयी एक पुस्तक लिहिले. प्राण्यांऐवजी दुसरे साधन चालत असेल तर ते वापरा. चालत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्या. आणि जे घ्याल त्यांना कमीत कमी यातना होतील असे करा, अशी त्यांची तीन सूत्रे. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद झाली, आणि २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्याला बंदी आली. त्या बंदीमागचे तत्त्व मला ओळखीचे वाटते. ओठांना लावायच्या रंगासाठी सशाचा डोळा पणाला लावणे म्हणजे पुन्हा तेच; चव एकाची आणि घास दुसऱ्याचा. रोग बरा करण्यासाठी घेणे आणि चैनीसाठी घेणे यांत फरक आहे. दोन्ही घेणेच आहे, पण आजीने पाहुण्यांसाठी जो सड पिळला नाही, तो आजारी मुलासाठी कदाचित पिळला असता; आणि पिळताना वासराकडे पाहिले असते.

तेव्हा त्या उंदरांचे आपल्याकडे येणे आहे असे मी मानतो. ते फिटणारे नाही. पण ज्याचे देणे फिटत नाही त्याने निदान ते बुडवू नये. ज्या पिलांनी जन्मभराचे शरीर देऊन आपल्याला एक गोष्ट सांगितली, ती कळूनही आपण आपल्या जिभेसाठी तान्ह्याच्या वाटीत नको ते मिसळत राहिलो, तर ती पिले फुकट गेली. आणि ती गोष्ट नुसत्या मिठापुरती नाही. मुलाच्या खाण्यात आपण रंग घालतो तो त्याच्यासाठी की फोटोसाठी? साखर घालतो ती त्याच्या पोटासाठी, की 'कसं पटापट संपवलं!' हे ऐकण्याच्या आपल्या हौसेसाठी? हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. कढईपाशी बसलेली सूनही ते विचारू शकते.

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या गृहसंकुलाच्या आवारात कोणीतरी गाय-वासरू आणले होते. बायका ओवाळत होत्या. नातीला कडेवर घेऊन मी गेलो. वासरू लहान होते, पाय अजून लटपटत होते, आणि एवढ्या गर्दीतही त्याचे सगळे लक्ष आईच्या कासेकडे होते. गवळ्याने ते दोरीने थोडे दूर धरले होते. पूजा चालू असताना ते मध्ये येत होते म्हणून. मी त्याला म्हटले, "सोड ना जरा त्याला." त्याने माझ्याकडे पाहिले, हसला आणि दोरी सैल केली.

घरी आलो तेव्हा खिमटाची वाटी तयार होती. हात धुऊन बसलो आणि पहिला चमचा न चाखता नातीला दिला.